स्वतःचं गाव देता येत नाही

म्हातारीला सकाळी उठायला फार वेळ लागायचा. म्हातारी म्हणजे पुण्यातल्या आमच्या कचेरीतला संगणक. खोलीभर पसरलेली, उकाडा सोसत नाही म्हणून गार हवेत ठेवलेली. संध्याकाळी वीज बंद केली की ती सगळं विसरायची. आम्ही लिहिलेलं तिला कळावं म्हणून आधी एक भला मोठा प्रोग्राम तिला पढवावा लागे. तो भोकं पाडलेल्या कागदी फितीच्या रिळांवर होता. एकेक रीळ लावायचं आणि फीत सरकताना बघत बसायचं. मध्येच फाटली की चिकटवायची आणि पहिल्या रिळापासून पुन्हा सुरुवात.

सत्तरनंतरची ती सुरुवातीची वर्षं. खोलीत आम्ही तिघं असायचो. बाई आमच्यात वडील, पुण्याच्याच, गणितात हुशार. मी वेल्हे तालुक्यातला, राजगडाखालच्या खोऱ्यातल्या एका लहान गावचा. आणि माझा मित्र, भोरचा. त्याची थोरली बहीण माझ्याच गावात दिलेली होती. तिला तो आक्का म्हणायचा, म्हणून मीही म्हणू लागलो. आक्काचं सासर नदीकाठच्या बौद्धवाडीत, आमचं घर वरच्या वाडीत. एकाच गावात वाढूनही त्या वाडीत मी पहिल्यांदा पाय ठेवला तो नोकरी लागल्यावर, त्याच्याबरोबर. हेही कधी कुणाला बोललो नव्हतो.

"कुठवर आली?" बाई आत येताच विचारायच्या.

"चूळ भरतीय," मित्र सांगायचा.

दुसऱ्या रिळाला म्हातारी चहा घेत असायची, तिसऱ्याला लुगडं नेसत. फीत फाटली की तो हात जोडायचा. "बाई, परत निजली."

"तुम्ही काल फीत नीट गुंडाळली नसणार."

"म्या नीटच गुंडाळली व्हती. तिनंच कूस बदलली."

एरवी कचेरीत तो शुद्ध बोलायचा. थट्टेला मात्र त्याला घरची भाषा लागे.

वेळ जावा म्हणून बाई कोडी घालत. वाघ, शेळी आणि गवताची पेंढी होडीतून पलीकडे न्यायची, होडीत एका वेळी एकच मावतं, ते कोडं त्यांनी पहिल्याच आठवड्यात घातलं. मी कागद पुढं ओढला. मित्र म्हणाला, "शेळीला दावं बांधायला काय झालं?"

"दावं नाहीये."

"मग शेळी नदीपर्यंत आली कशी? आणि वाघाला पलीकडं न्यायची एवढी हौस कुणाला?"

"तुम्हाला कोडं सोडवायचं आहे की भांडायचं आहे?"

"कोड्यातच चूक आहे, बाई. चूक दुरुस्त केल्याशिवाय पुढं जायचं नाही, हे तुम्हीच शिकवलंय."

बाई हसू दाबून फितीकडे बघू लागल्या. मग मी त्यांना आमच्याकडची रीत सांगितली. भाताच्या लावणीला बायका चिखलात वाकून एकमेकींना हुमान घालतात, म्हणजे कोडंच. जी हरेल तिनं गाव द्यायचं. माझी आई तर दुपारपर्यंत निम्मा तालुका जिंकून बसायची. नियम एकच होता, स्वतःचं गाव देता येत नाही. दिलं तर राहायचं कुठं?

त्या दिवसापासून आमच्या खोलीत गावं फिरू लागली. बाईंना आमच्याकडची गावं माहीत नव्हती, म्हणून मित्रानं नकाशाच आणून भिंतीला लावला. हरलं की नकाशाजवळ जाऊन गाव निवडायचं. बाईंनी एकदा कामथडी दिली. "हमरस्त्यावरचं गाव देताय, बाई," तो म्हणाला, "नंतर एसटीनं जाताना हळहळाल." मी भोंगवली हरलो तेव्हा त्यानं मान डोलावली. "शेती बरी आहे. घेतो." काही महिन्यांत भोर तालुका बराचसा त्याच्या खिशात गेला. म्हातारी उठली की खेळ संपायचा आणि आम्ही कामाला लागायचो.

मग माझ्याकडे एक काम आलं. आमच्या खोऱ्यात धरण बांधायचं तर पाणी किती साठेल आणि अमुक उंचीला चढल्यावर कुठकुठल्या जमिनी खाली जातील, ते काढायचं होतं. धरण येणार, येणार हे आम्ही लहानपणापासून ऐकत होतो. इतकं ऐकलं होतं की कुणी ते खरं मानत नसे. मित्राकडे तेव्हा पगारबिलांचं काम होतं, बाईंकडे दुसरंच काही. साहेबांनी मला बोलावून सांगितलं, "हे आकडे खोलीबाहेर जायचे नाहीत."

प्रोग्राम पहिल्याच फेरीत बिनचूक चालला. असं क्वचित होई. कागद बाहेर येत होता आणि मी खुशीत होतो, कारण बेरीज जुळत होती. गणित बरोबर आलं याचा आनंद आधी झाला. काय आलं, ते नंतर वाचलं. कागदावर नुसते सर्वे नंबर होते, गावाचं नाव नाही की माणसाचं. पण माझे वडील, गावचे आबा, शेताबांधाच्या भांडणांत पंच म्हणून बसत, त्यामुळे ते नंबर मी लहानपणी पाढ्यांसारखे ऐकलेले. नदीकाठची खाचरं, आंब्याचं टेकाड, बौद्धवाडी, सगळं पाण्याखाली होतं. आमचं घर शोधलं. ते रेषेच्या वर होतं, चांगलं वर. मी कागदाची घडी घातली. मला हायसं वाटलं होतं.

त्याच दिवसांत आक्का घर बांधत होती. सासूसासऱ्यांच्या एका खोलीतून निघून नवराबायकोनं वाडीच्या कडेला जोतं घातलं होतं. मित्र दर रविवारी एसटीनं आमच्या गावी जाऊन नदीतले दगड वर वाहायचा. सोमवारी त्याच्या तळहातावर फोड असत. "म्हातारीला सांगा, आज माझ्याच्यानं बटण दाबवत नाही," म्हणायचा.

अशाच एका सोमवारी, तिसरं रीळ चालू असताना तो म्हणाला, "आक्कानं नवीन हुमान केलंय. चार भावांनी एकच ओझं डोक्यावर घेतलं, जन्मभर कुणी खांदा बदलला न्हाई. सांग."

उत्तर मला ऐकता ऐकताच कळलं होतं. घराचे खांब. नव्या घराचे खांब शनिवारीच उभे राहिले होते, हे तोच मला म्हणाला होता.

"हरलो," मी म्हणालो.

"एवढ्यात? तुझ्या घरातबी हायेत की."

"हरलो म्हणतोय ना. गाव घे." आणि मी उठून नकाशावर आमच्या गावावर बोट ठेवलं.

बाई हसल्या. मित्र खुर्चीवरून वळला. "हे न्हाई चालायचं. तुझाच नियम. स्वतःचं गाव देता येत नाही."

"घे म्हणतोय तर."

"आणि तू राहणार कुठं? आक्का राहणार कुठं? दुसरं दे."

बोट अजून तिथंच होतं. तेवढ्यात रीळ संपलं, त्याचं फडफडणं ऐकू आलं. मी बोट खाली सरकवलं आणि तालुक्याच्या टोकाचं कुठलंसं एक गाव दिलं. "हां, हे बरं," तो म्हणाला आणि पुढचं रीळ लावायला उठला.

पुष्कळ वर्षं मी स्वतःला समजावत आलो की त्या दिवशी मी सांगितलं होतं, त्यालाच कळलं नाही. हे खोटं आहे. त्यानं गाव परत केलं आणि मी ते मुकाट घेतलं. मला तेच हवं होतं.

पुढच्या रविवारी मी गावी गेलो होतो. आक्काच्या जोत्यावर मित्र आणि त्याचे मेहुणे कुडाच्या कामट्या बांधत होते. आक्कानं चहा आणला आणि मला विचारलं, "दादा, तुमी मशिनीत काम करता. धरणाचं काय कानावर येतं का? समदी म्हणत्यात हे घर पाण्यात जायाचं."

"आमचं मशीन पगाराची बिलं काढतं, आक्का," मी म्हणालो.

मित्र कामटीवरून मान वर न काढता म्हणाला, "तीबी दुपारपतुर उठंल तवा." सगळे हसले. आक्काही हसली आणि कपबशा गोळा करून गेली. तिनं सरळ विचारलं होतं. मला एक शब्द पुरला असता.

घर झालं. कौलं चढली. तिनं दाराला निळा रंग दिला. पावसाळे गेले, आणि मग नोटिसा आल्या. घरं उतरवायच्या दिवसांत मी रजा काढून गेलो. ओळीनं उभं राहून आम्ही कौलं हातोहात खाली दिली, माझ्या शेजारी मित्र होता. खांब उपटताना त्यानं कुणालाच हात लावू दिला नाही. ट्रक यायला उशीर होत होता. आक्का सामानाच्या ढिगावर बसली होती. कुणीसं म्हणालं, ट्रक कुठवर आला असेल? मित्र सवयीनं म्हणाला, "चूळ भरत असंल." या वेळी कुणी हसलं नाही.

त्यांना भोंगवलीच्या बाजूला जागा मिळाली. तिथं भात पिकत नाही. आक्का बाजरी करायला शिकली. मित्रानं पुढं नोकरी सोडली आणि भोरला शाळेत गणित शिकवू लागला. आम्ही भेटत राहिलो, पण खेळ पुन्हा कधी काढला नाही. आता माझे केस पिकू लागले आहेत. वडील गेले. गेल्या महिन्यात आईच्या दिवसांनंतर मी घरी एकटाच बसलो होतो, आणि आता हे धरून ठेवणं मला जमेना. एसटी धरून मी भोंगवलीला गेलो.

आक्का ओसरीवर जुन्या खांबाला टेकून शेंगा फोडत होती. खांब तेच, वेल्ह्याहून आलेले. मी सगळं सांगितलं. कागद, सर्वे नंबर, नकाशावरचं बोट, बिलांचं खोटं. ती शेंगा फोडायची थांबली नाही.

"तवा सांगितलं असतं तर?" तिनं विचारलं.

"तुम्ही तिथं घर बांधलं नसतं. वरच्या अंगाला बांधलं असतं. ते अजून उभं असतं."

"वरच्या अंगाला." तिनं एक शेंग हातात धरून ठेवली. "वरची जमीन तुमच्या आबांची. त्यांनी दिली आसती आमास्नी जागा?"

दिली असती की नाही, मला माहीत नाही. त्यांना विचारायची वेळ मी येऊच दिली नाही. या अंगानं मी कधी विचारही केला नव्हता.

"माझ्या भावाला ठावं हाय?"

"नाही. आधी तुमच्याकडे आलो. घर तुमचं होतं."

"घर माझं. दगूड त्यानं व्हायलं." तिनं सूप बाजूला सारलं. "म्या न्हाई सांगायची. तुमी जावा, तुमच्या तोंडानं सांगा. चा पिऊन जावा."

चहा पिऊन निघालो. कापूरहोळला उतरून भोरची गाडी धरली. मित्र दारातच बाकावर मुलांच्या वह्या तपासत बसला होता. मला बघून त्यानं वह्या बाजूला केल्या.

"काय, उठली का म्हातारी? बस. चहा टाकायला सांगतो."

"चहा राहू दे," मी म्हणालो, आणि उभ्या उभ्याच सांगायला लागलो, सर्वे नंबरांपासून.