बाबांची पाठ तुडवायची नाही

परवा बाबांना आमच्या धाड गावाहून संभाजीनगरला स्कॅनसाठी नेलं. अपॉइंटमेंट अकराची, पण बाबांनी पहिलीच एसटी धरायला लावली... उशीर हा प्रकारच त्यांना सहन होत नाही.

बाबांना प्रोस्टेटचा कॅन्सर आहे. तो हाडांत उतरलाय का, हे बघायला गेल्या महिन्यात बोन स्कॅन झाला. त्यात उजवीकडच्या दोन फासळ्या चमकल्या आणि घरात कोणाला घास गोड लागेना. बाबा मात्र निवांत.

"मक्याच्या ट्रॉलीवरून पल्लो व्हतो ना मांगच्या साली, त्याचंच हाये ते," एवढंच त्यांचं म्हणणं.

डॉक्टर म्हणाले, असू शकतं. बोन स्कॅनमध्ये जुन्या माराचं, भरून येणारं हाडही चमकतं. म्हणून आता पीएसएमए पेट स्कॅन... तो कॅन्सरच्या पेशीच हुडकतो. इंजेक्शन, तासभर गप पडून राहणं, मग मशीन. त्या दिवसापुरतं लहान मुलांना जवळ घेऊ नका, असंही सांगितलं.

काल रिपोर्ट आणायला मी एकटाच गेलो. फासळ्या साफ! मला तिथेच हसू फुटलं... पण डॉक्टरांचं बोट खाली सरकलं. कमरेजवळचा मणका चमकत होता. बोन स्कॅनमध्ये तिथे काहीच दिसलं नव्हतं. मणका कमजोर झालेला असू शकतो, एमआरआय करू, तोवर पाठीवर दाब नको, मालिशसुद्धा नको, असं ते म्हणाले.

आमच्याकडे मोठ्यांची पाठ दुखली की लेकरं ती तुडवतात. लहानपणी बाबांची पाठ मी तुडवायचो, आता माझी सात वर्षांची परी तुडवते. गेले चार महिने, रोज संध्याकाळी... मीच तिला हात धरून चढवायचो.

घरी येऊन फासळ्यांचं तेवढं सांगितलं. बाबांचा चेहरा असा खुलला की पुढचं माझ्या तोंडून निघालंच नाही.

"मंग? मी काय म्हनत व्हतो!" म्हणत ते सतरंजीवर पालथे झाले. "ये व परी, आता त कालचा मनाईचा दिवस बी गेला."

परी धावत आली. मी तिला वरच्यावर उचललं.

"काऊन बे?" बाबांनी मान वळवून विचारलं. मी परीला खाली सोडलंच नाही. माझ्याकडे बघत ते हळूच उठून बसले आणि परीला म्हणाले, "ऱ्हाऊ दे माय. आज दुखत नाही."

आज त्यांना सगळं सांगायचं आहे. कसं, ते जमेना... म्हणून आधी इथे लिहून बघितलं.