पांढरा दिवा

शेजारी माडांना मासळीचं खत घातलं की तो वास माझ्या घशात बसतो आणि आमच्या होडीचा नवा दिवा आठवतो. एलईडी तेव्हा नवीनच आला होता. थोरला भाऊ मला घेऊन मालवणच्या दुकानात गेला. दुकानदाराने आधी पिवळसर दिवा लावून दाखवला, मग पांढरा. पांढरा इतका प्रखर, की लागताच भिंतीवरची पाल पंख्यामागे पळाली आणि भाऊ खूश झाला. "ह्योच दी. मासो आपसूक येवक होयो." दिवा पाण्याकडे तोंड करून बांधला. दुसऱ्या सकाळी होडी तोंडवलीच्या किनाऱ्याला लागली ती काठोकाठ भरून, म्हणून मी आणि आई टोपल्या घेऊन धावलो. आत बोटाच्या पेराएवढी पिल्लं होती, पोटं फुटून त्यांचा करडा चिखल झालेला, आणि त्या चिखलात नुसते डोळे चमकत होते. आईने ओंजळ भरली आणि लगेच हात वाळूत घासले. "ह्यां कोणाक विकू रे? पिल्लां ती." भाऊ म्हणाला, "खताक जातली." होडी लागली की खलाशी आधी घरच्या कालवणाचा वाटा उचलतात, विक्री नंतर. त्या दिवशी कोणी वाटा उचलला नाही. एकेक जण वाळूत थुंकला आणि रिकाम्या हाताने घरी गेला. आता तसे दिवे रोज रात्री समुद्रात ओळीने लागतात. माझ्याकडे उतरलेले पाहुणे ओटीवर बसून म्हणतात, किती सुंदर दिसतं इथून. मी उठतो आणि अंगणाच्या कडेला जाऊन थुंकून येतो.