मी फक्त तिच्या सकाळी पाहिल्या

माझ्या बायकोच्या आजाराचं नाव मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी अमेरिकेत, तुल्सा नावाच्या शहरात, फर्निचरच्या एका दुकानात उभा होतो. जेवणाचं टेबल पसंत करून झालं होतं. शनिवार होता, सकाळचे दहा. कुवेतला, जिथे ती होती, तेव्हा संध्याकाळचे सहा.

फोनवर न्यूरॉलॉजिस्ट होते, म्हणजे मेंदू आणि नसांचे डॉक्टर. इजिप्तचे, वयस्कर, शांत आवाजाचे. त्यांनी 'मायस्थेनिया ग्रॅव्हिस' हे नाव दोनदा सावकाश उच्चारलं. मग विचारलं, "संध्याकाळच्या वेळी त्यांच्याकडे कुणी नीट पाहत नव्हतं का?"

त्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला पुढचे बरेच महिने लागले. ते उत्तर इथे लिहितोय. तुमच्या घरात कुणाची पापणी संध्याकाळी खाली येत असेल, तर ते तुमच्या उपयोगी पडेल.

मी मूळचा नाशिकचा, इन्स्ट्रुमेंटेशन इंजिनिअर. वीस वर्षं कुवेतमधल्या मीना अल-अहमदीच्या रिफायनरीत कंत्राटदार कंपनीकडून काम केलं. घर अबू हलीफात, समुद्रापासून दोन गल्ल्या आत. बायको वैशाली तिथल्या एका भारतीय शाळेत प्राथमिक वर्गांना शिकवायची. मुलगी ऋचा अकरावीत. आमच्या कंपनीचं मुख्य ऑफिस तुल्साला आहे. तिथली जागा मला देऊ केली तेव्हा मी त्याच दिवशी हो म्हटलं आणि घरी येऊन सांगितलं. विचारलं नाही, सांगितलं.

वैशालीला त्याच वर्षी प्राथमिक विभागाची प्रमुख केलं होतं. अठरा वर्षांनंतर. ती एवढंच म्हणाली, "तिथं माझं बी.एड. कोण विचारणार?"

"तिथं तुला काम करायची गरजच पडणार नाही," मी म्हणालो. मला वाटलं, मी तिला काहीतरी मोठं देतोय.

जानेवारीत मी एकटा गेलो. कुवेतबाहेर सलग सहा महिन्यांपेक्षा जास्त राहिलं तर इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, रद्द होतो. म्हणून ठरलं असं, की मी पाच महिन्यांत तिकडे घर लावायचं आणि जूनमध्ये परत येऊन या दोघींना घेऊन जायचं.

तुल्सा मला आवडलं, हे कबूल करतो. वाळू पाहून कंटाळलेल्या डोळ्यांना ती झाडं, ती रुंद नदी फार बरी वाटायची. शहर फार मोठं नाही. कुठेही वीस मिनिटांत पोहोचता येतं, मात्र गाडी हवीच. पायी चालणारा माणूस मला आठवडाभरात एखादाच दिसे. दर बुधवारी दुपारी वादळाच्या भोंग्याची चाचणी व्हायची. पहिल्या बुधवारी मी घाबरून बाहेर पळालो होतो आणि शेजारची म्हातारी बाई पोटभर हसली होती. तिथल्या एका मराठी कुटुंबाने मला लायसन्स काढण्यापासून डाळ-तांदूळ कुठे मिळतात इथपर्यंत सगळं दाखवलं. मी घराचे, शाळेचे, बागेचे व्हिडिओ काढून वैशालीला पाठवायचो.

दोन्ही शहरांत आठ-नऊ तासांचा फरक. मी रात्रीचं जेवण उरकून फोन लावायचो तेव्हा कुवेतला पहाट सरत आलेली असायची. वैशाली शाळेच्या तयारीत असायची. अंघोळ झालेली, केस विंचरलेले, चेहरा टवटवीत. मी तिची संध्याकाळ बघायचो नाही. तेव्हा मी ऑफिसात असायचो.

फेब्रुवारीत ती म्हणाली, "संध्याकाळी उजवा डोळा आपोआप मिटतो हो. वह्या तपासताना एका अक्षराची दोन दिसतात."

मी म्हटलं, "चष्म्याचा नंबर वाढला असेल."

ती एका क्लिनिकमध्ये जाऊन आली. सकाळची वेळ मिळाली होती. डोळे तपासले, काही सापडलं नाही. धूळ आणि दगदग, असं निदान झालं. मार्चमध्ये ती म्हणाली की शेवटच्या तासाला आवाज नाकातून येतो, पोरं हसतात. पुन्हा सकाळीच डॉक्टर, पुन्हा सगळं ठीक.

एप्रिलमध्ये मी तिला सामान पाठवायच्या कंपनीशी बोलायला सांगितलं होतं. तिने आठवडाभर त्यांना फोनच केला नाही. विचारलं तर म्हणाली, "दुपारनंतर माझ्यात जीवच राहत नाही. हात वर करून कपाट आवरता येत नाही."

पडद्यावर मला तिचा ताजातवाना चेहरा दिसत होता. मी म्हणालो, "वैशाली, तुला यायचंच नाहीये. मग सरळ सांग ना. हे डोळे, हा आवाज, हा थकवा, कशाला हे नाटक?"

तिने घड्याळाकडे पाहिलं. मग म्हणाली, "बस येईल, ठेवते."

त्यानंतर तिने मला एकाही दुखण्याबद्दल सांगितलं नाही. मी फोनवर विचारायचो, "बरी आहेस ना?" आणि ती म्हणायची, "हो, मस्त." मला वाटलं, माझ्या बोलण्याचा उपयोग झाला.

ऋचाने मात्र एकदा सांगितलं होतं. "बाबा, आई जेवताना हनुवटीला हाताने आधार देते. तिला चावता येत नाही. रोज खिचडीच खाते."

"दाताचं काहीतरी असेल," मी म्हणालो.

"बाबा, यू ओन्ली सी हर इन द मॉर्निंग!" ती चिडून म्हणाली. मी तिला मोठ्यांशी नीट बोलायला सांगितलं.

मेच्या मध्यावर वैशालीला ताप आला आणि लघवीला जळजळ सुरू झाली. आखाती देशांत राहणाऱ्या प्रत्येक भारतीय घरात असतो तसा आमच्याकडेही भारतातून आणलेल्या औषधांचा एक डबा आहे. मी फोनवरून तिला सिप्रोफ्लॉक्सासिन घ्यायला सांगितलं. हे एक अँटिबायोटिक, म्हणजे जंतू मारणारं औषध. मला मागे त्याने गुण आला होता. "पाच दिवस घे, डॉक्टरकडे खेपा घालत बसू नकोस," मी म्हणालो.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती पाणी प्यायली ते नाकातून बाहेर आलं.

ऋचाने खालच्या मजल्यावरच्या सावंतांना बोलावलं. सावंत कुडाळकडचे, एसी दुरुस्तीचं काम करणारे. चार गाववाल्यांसोबत एका फ्लॅटमध्ये राहतात. आम्ही इतकी वर्षं एकमेकांना जिन्यात नमस्कार करण्यापुरतेच ओळखत होतो. त्यांचा फोन आला तेव्हा मी नाश्ता करत होतो.

"वयनींका पाणी गिळूक जमत नाय," ते म्हणाले. "मी गाडी काढतंय. तुमी फोन चालू ठेवा."

त्यांनी कंपनीच्या व्हॅनमधून तिला सरकारी हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत नेलं. पुढचं ऋचाने सांगितलं. डॉक्टरांनी वैशालीला एका श्वासात जमतील तितके आकडे म्हणायला लावले. शाळेत पोरांकडून पाढे म्हणून घेणारी माझी बायको नऊपर्यंत पोहोचली. मग त्यांनी रबरी हातमोज्यात बर्फ भरून तिच्या मिटलेल्या पापणीवर दोन मिनिटं धरला. बर्फ काढला आणि डोळा उघडला. डॉक्टर लगेच वरिष्ठांना बोलवायला गेले. तिला ॲडमिट केलं. दुसऱ्या दिवशी, मी टेबल निवडत असताना, त्या वरिष्ठांचा फोन आला.

मायस्थेनिया ग्रॅव्हिस म्हणजे काय, ते त्यांनी मला समजावलं तसं सांगतो. नस स्नायूला निरोप देते आणि स्नायू हलतो. या आजारात आपलीच रोगप्रतिकारशक्ती तो निरोप घेणारी जागा बंद करून टाकते. स्नायू जितका वापराल तितका तो थकत जातो आणि विश्रांती किंवा गारवा मिळाला की सावरतो. म्हणून झोपून उठलेला माणूस ठणठणीत दिसतो. आणि म्हणून सकाळच्या तपासणीत सगळं ठीक असतं.

मी गोळीबद्दल सांगितलं. ते म्हणाले, "या आजारात हे औषध देत नाहीत. स्नायू आणखी दुबळे होतात. ताप होताच, त्यामुळे सगळं गोळीनेच झालं असं मी म्हणणार नाही. पण तिने भर घातली."

त्याच दिवशी दुपारचं विमान मिळालं. मधल्या विमानतळावर उतरून फोन सुरू केला तर ऋचाचा निरोप होता, आईला व्हेंटिलेटर लावलाय. व्हेंटिलेटर म्हणजे श्वास देणारं यंत्र. छातीचे स्नायूही थकले होते. मी एका खांबाला टेकून उभा राहिलो. माझ्या आजूबाजूला लोक परफ्यूम विकत घेत होते.

आयसीयूत दुपारी अर्धा तास आत सोडायचे. घशात नळी असल्यामुळे तिला बोलता येत नव्हतं, पण ती शुद्धीत होती. डोळे उघडत नव्हते. नर्सने एका डोळ्याची पापणी बोटाने वर धरली तेव्हा तिने मला पाहिलं. उशाशी वही आणि पेन होतं. तिने चाचपडत लिहिलं, 'ऋचाची फिजिक्सची टेस्ट?'

"झाली. चांगली गेली," मी सांगितलं. टेस्ट बुडली होती.

दुसऱ्या दिवशी मी काहीबाही बोलत राहिलो. तिकडचं घर, रजा, तिकिटं. तिने पुन्हा पेन मागितलं. अक्षरं एकमेकांवर चढली होती, पण वाचता आली.

'नाटक नव्हतं.'

मी तिचा हात धरला. तिने तो काढून घेतला नाही आणि माझा हात दाबलाही नाही. कदाचित ताकद नसेल. मी आजही त्यावर विचार करतो.

पाच दिवस तिला आयव्हीआयजी दिलं. त्यात निरोगी रक्तदात्यांच्या रक्तातून काढलेली प्रथिनं शिरेतून सोडतात. बाहेर प्रतीक्षाकक्षात मी आणि ऋचा एकेक खुर्ची सोडून बसायचो. ती माझ्याशी फारसं बोलत नव्हती. सावंत ड्युटी संपली की डबा घेऊन यायचे, भात आणि सोलकढी. एकदा मी त्यांच्यासमोर रडलो. ते म्हणाले, "मी तर दोन वर्सां घराक जावक नाय. माका तिकडचा काय दिसता? बायल सांगात तितकाच कळता." मग डबा उघडत म्हणाले, "सांगलेला तरी आयकूक व्हया."

सांगितलेलं तरी ऐकायला हवं, हे त्यांनी सहज म्हटलं होतं. माझ्या वागण्याबद्दल त्यांना काही माहीत नव्हतं.

आठव्या दिवशी नळी काढली. छातीचा सीटी स्कॅन झाला. छातीच्या हाडामागे थायमस नावाची एक ग्रंथी असते, या आजारात तिच्यावर गाठ आहे का ते बघतात. गाठ नव्हती. तीन आठवड्यांनी ती घरी आली. दर चार तासांनी पायरिडोस्टिग्मिनची गोळी, ती नसांचा निरोप पोहोचायला मदत करते. सोबत स्टेरॉइड, ज्याने चेहरा सुजतो. मी भारतातून आणलेला तो डबा उलटा करून सगळी औषधं टाकून दिली. आता तिच्या पर्समध्ये एक कार्ड असतं. त्यावर आजाराचं नाव आणि वर्ज्य औषधांची यादी आहे. साध्या दाताच्या डॉक्टरलाही ते आधी दाखवायचं.

तुल्साची जागा मी सोडली. कंपनी थांबली नाही, थांबायची अपेक्षाही नव्हती. इथेच पहिल्यापेक्षा खालच्या हुद्द्यावर पुन्हा लागलो. त्याचं दुःख नाही. दुःख आहे ते वैशालीच्या शाळेचं. सप्टेंबरमध्ये ती परत गेली, पण तिसऱ्या तासाला आवाज विरायचा. नोव्हेंबरमध्ये तिने राजीनामा दिला. मी फेब्रुवारीतच तिला संध्याकाळी डॉक्टरांकडे पाठवलं असतं, तर? डॉक्टर म्हणतात, लवकर उपचार सुरू झाले असते तर कदाचित इतकं टोकाला गेलं नसतं. 'कदाचित' या शब्दाचा आधार घ्यावा की भीती बाळगावी, ते मला कळत नाही.

मी तिची माफी मागितली. ती "बरं" म्हणाली.

वाचणाऱ्यांना एवढंच सांगेन. त्रास ज्या वेळी होतो, त्याच वेळी डॉक्टरकडे जा. ते जमत नसेल तर त्या वेळचा फोटो काढून दाखवा. दुसऱ्याला लागू पडलेलं औषध घेऊ नका, देऊ नका. आणि दूर राहणाऱ्यांनो, पडद्यावर माणूस बरा दिसतो म्हणून त्याच्या शब्दांवर शंका घेऊ नका.

घरी आल्यावरही बराच काळ ती माझ्याशी सगळं बोलायची, फक्त आपल्या शरीराबद्दल नाही. पाय जड झाले, घास अडकला, तर ऋचाला सांगायची. मी खोलीत असलो तरी ऋचालाच. मी समोरून विचारलं की उत्तर यायचं, "हो, मस्त." मला ते शब्द ओळखीचे होते आणि ते मीच तिला शिकवले होते. ऋचा बारावीनंतर पुण्याला शिकायला गेली तेव्हा मला भीती वाटली, आता ही कुणाला सांगेल?

यंदाच्या डिसेंबरात हवा थंड झाल्यावर आम्ही समुद्राकाठी फिरायला जाऊ लागलो. उकाड्यात तिचा त्रास वाढतो, म्हणून उन्हाळाभर घरातच काढला होता. एका संध्याकाळी किनाऱ्याच्या रस्त्याने शंभरेक पावलं झाली असतील. मी कामावरचं काहीतरी सांगत होतो. ती थांबली.

"अहो," ती म्हणाली, "मी दमलेय. बसायचं का?"

दीड वर्षात पहिल्यांदा तिने हे मला सांगितलं होतं. मी कामाची गोष्ट तिथेच सोडली. जवळच्या बाकावरची वाळू हाताने झाडली आणि आम्ही बसलो. तिच्या गोळीला अजून वीस मिनिटं होती. तोवर तिथेच बसून राहिलो.