पद्माच्या हातातली रिंग

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही—पद्माला तर नाहीच. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही काही आमच्याकडे जेवायला येणार नाही.

चेन्नईत, गिंडीतल्या एका छोट्या कारखान्यात आम्ही पाइप जोडायच्या रिंगा बनवायचो. त्यांचा धातू आपला मूळ आकार लक्षात ठेवतो. रिंग द्रवरूप नायट्रोजनमध्ये गार करायची, निमुळत्या दांड्यावर दाबून रुंद करायची आणि गार आहे तोवर पाइपांच्या जोडावर सरकवायची. ऊब लागली की ती आक्रसते, पाइप घट्ट धरते. किती रुंद करायची, हे संगणकावर मॉडेल करून सांगणं माझं काम. हातमोजे घालून सरकवायचं पद्माचं.

पद्मा तंजावरकडच्या मराठी घरातली. मी सांगलीचा, तिरुवल्लिकेणीच्या मॅन्शनमधला, म्हणजे बिनलग्नाच्या पुरुषांच्या लॉजमधला, एकटा जीव. तिचं जुनं, तमिळ हेल काढलेलं मराठी ऐकायला मी उगाच खाली शॉप फ्लोअरवर चकरा मारायचो. मी तिच्यावर भाळलो होतो—हे आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं किती वाईट ते कळणार नाही.

ग्राहकांसमोर चाचणी होती. पद्मा सरकवत होती, आणि रिंग अर्ध्यावर अडकली. सगळे माझ्याकडे वळले, आणि मी म्हणालो, "हातात जास्त वेळ राहिली, गरम झाली." किती सहज म्हणालो!

संध्याकाळी आकडे पुन्हा बघताना कळलं. दांड्यावरून काढताच रिंग थोडी मागे येते, जराशी अरुंद होते—गार असतानासुद्धा. मी ते हिशेबात धरलंच नव्हतं. दांड्याचं माप तेच रिंगेचं मानून बसलो होतो. मी गुपचूप जाड दांडा करून घेतला. तोवर साहेबांनी पद्माला खरेदी खात्यात बसवलं होतं. दुसऱ्याने रिंग सरकवली, ती सुळकन गेली—आणि माझं खोटं खरं ठरलं.

ते काम तिला फार आवडायचं. तरी तीच माझ्याकडे आली. म्हणाली, "माझे हातच ऊन. तुमचं नाव घालवलं मी." तेव्हा तरी बोलायचं ना? मी तिला कॉफी पाजली. पुढे तिच्याशी लग्न केलं.

परवा मुलगी शाळेतून मलूल होऊन आली. पद्माने तिच्या कपाळाला हात लावला, लगेच काढला. "तुम्हीच पाहा. माझ्या ऊन हातांना काय कळणार?"

मी मुलीच्या कपाळावर हात ठेवला. दुसऱ्या हाताने पद्माचा हात धरला. तो गार होता. पहिल्यांदा धरला, तेव्हाही गारच होता.