मागच्या चाकातली हवा

आमच्या घरात हवा हे खातं माझ्याकडे आहे. बारा वर्षं जुन्या पांढऱ्या छोट्या गाडीच्या चार टायरांत किती हवा असावी, हे मी ठरवतो. या खात्याचा मी एकदा इतका निर्लज्ज गैरवापर केला की अजूनही सांगताना मला गुदगुल्या होतात.

आधी खेळ समजून घ्या. सिंदी रेल्वे या गावाजवळ एक जिनिंग, म्हणजे कापसातली सरकी काढायचा कारखाना, आहे. कापसाचा हंगाम संपला की तिचं सिमेंटचं भलंमोठं आवार रिकामं पडतं. मालक हौशी. महिन्यातल्या एका रविवारी सकाळी तो फाटक उघडून देतो आणि आम्ही दहा-बारा जण, शिक्षक, कारकून, एक औषधवाला, एक दातांचा डॉक्टर, घरच्याच गाड्या घेऊन पोचतो. रेती भरलेले तेलाचे डबे मांडून नागमोडी वाट आखायची, टोकाला एक मोठा ड्रम ठेवायचा, त्याला वळसा घालून परत यायचं. एका वेळी एकच गाडी, सामना घड्याळाशी. डबा पाडला की दोन सेकंद दंड. याला ऑटोक्रॉस म्हणतात हे आम्हाला फार नंतर कळलं. तोवर आम्ही 'डबे खेळायला' जात होतो.

यात वेग फारसा नसतोच, दुसऱ्या गिअरमध्ये सगळं आटोपतं. खरी परीक्षा टायरच्या पकडीची. आमच्या गाड्यांची पुढची चाकंच गाडी ओढतात आणि तीच वळवतात. म्हणजे एकाच मजुरावर दोन कामं. वळणावर जास्त मागितलं की ती पकड सोडतात. मग तुम्ही स्टिअरिंग कितीही फिरवा, गाडी आपली रुसलेल्या म्हशीसारखी नाकासमोर चालत राहते. ड्रमपाशी माझं दरवेळी हेच व्हायचं.

माझी बायको शाळेत शिकवते. दोन वर्षं ती या मैदानावर घड्याळ धरून बसायची. शिट्टी तिची, वही तिची, खडूही तिचेच. प्रत्येक टायरच्या कडेला ती खडूची रेघ ओढायची आणि फेरी झाली की ती किती पुसली गेली ते बघायची. त्यावरून वळणावर टायर किती कलंडला हे कळतं. एवढं सगळं बघूनही ती काही बोलायची नाही. तिथंच मी सावध व्हायला हवं होतं.

एके दिवशी पोहे खाता खाता ती म्हणाली, "अजी, ही गाडी विकून टाका आता. मले उंच गाडी पाह्यजे, आपोआप गिअरवाली."

"मग डबे कोन खेळन?"

"तुम्ही तसेही कुठं खेळून राह्यले? ड्रमले प्रदक्षिणा घालून राह्यले."

हे मला लागलं. आवारात शिट्टी वाजते आणि मी निघतो, ती पन्नास सेकंद सोडली तर माझ्या आयुष्यात शिट्टी वाजवून माझी वाट पाहणारं काहीच नाही. गाडी गेली की तेही जाणार. मी चमचा खाली ठेवला आणि भरल्या पोटी माणूस जे धाडस करतो ते केलं. म्हणालो, "या रविवारी तू चालव. माझ्यापेक्षा कमी वेळात आलीस तर गाडी विकू."

"जबान?"

"जबान."

रविवारी पहिली फेरी माझी. एक्कावन्न सेकंद. ड्रमपाशी म्हैस रुसली, पण डबा एकही पडला नाही. मी खुशीत उतरलो आणि बघतो तर ही वाटेवरून पायी चाललेली. हात मागे बांधून, प्रत्येक डब्यापाशी थांबून, जणू वर्गात कोण बोलतंय ते शोधतेय. दोनदा फिरली.

"हवा बघून घेतो हं," असं मोठ्यानं म्हणून मी बॅटरीवर चालणारा पंप उचलला. हिशेब सोपा होता. टायर टणक झाला की जमिनीला कमी चिकटतो. मागच्या दोन्ही चाकांत तीस पौंड हवा होती, ती मी बेचाळीस केली. आता वळणावर मागची बाजू घसरणार, ही घाबरणार, चार-पाच डबे लोळणार आणि गाडी माझ्याच दारात राहणार. हात झाडले आणि प्रेमळ नवऱ्यासारखं तिच्यासाठी दार उघडून उभा राहिलो.

घड्याळ आणि शिट्टी आता औषधवाल्याकडे. शिट्टी झाली. ती ड्रमपाशी पोचली, मागची चाकं ठरल्याप्रमाणे घसरली. फक्त वीतभर. आणि त्या वीतभर घसरण्यानं गाडीचं तोंड असं अलगद आत वळलं की मी आ वासून बघत राहिलो. एकोणपन्नास सेकंद, डबा एकही नाही.

टाळ्या वाजल्या. आमचे मिस्त्री पुढं आले. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेला माणूस. मैदानावर त्यांचा शब्द शेवटचा. त्यांनी मागचं चाक अंगठ्यानं दाबलं, हवा मोजली.

"मॅडम, मांगं बेचाळीस कोनं भरली?"

"हवेचं खातं यायच्याकडं हाये," बायको म्हणाली.

"भाऊ, मानलं तुमाले. आपल्या गाडीचं तोंड वळत नाई, तं मांगची पकड थोडी ढिली करा लागते. मंग शेपूटच तोंडाले फिरवते. एवढं डोकं इथं कोनाले नाई."

काय सांगू, आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी चारचौघांत माझ्या डोक्याची तारीफ केली, आणि ती घेतली तर गाडी जाणार. गाडी वाचवायची तर लबाडी कबूल करावी लागणार. मी छाती पुढं काढली.

"मिस्त्री, ही फेरी बाद करा. हवा म्या तिले पाडाले भरली होती."

दातांच्या डॉक्टरच्या नाकातून चहा बाहेर आला.

"मले पाडाले?" बायको शांतपणे म्हणाली.

"तुले नाई, डबे पाडाले."

मिस्त्रींनी टोपी सारखी केली. "ठीक हाये, बाद. आता दोघंबी याच हवेवर चालवा. पह्यले भाऊ."

मी निघालो. ड्रम आला आणि मी सवयीप्रमाणे वळणाच्या ऐन मध्यावर ब्रेक दाबला. ब्रेक दाबला की गाडीचा भार पुढं जातो आणि मागची चाकं हलकी होतात, आणि माझी तर मी स्वतःच टणक करून ठेवली होती. ड्रम डाव्या खिडकीतून गेला, मग जिनिंगची चिमणी गेली, मग काचेसमोर सगळी मित्रमंडळी आली, ओळीनं उभी. इंजिन बंद पडलं. तीन डबे आडवे. आम्ही सगळेच ब्रेक उशिरा मारतो हे तिनं दोन वर्षं घड्याळ धरून बघितलं होतं. ती वळणाच्या आधीच वेग कमी करून आली आणि पुन्हा एकोणपन्नास.

जबान ती जबान. शनिवारी आम्ही वर्ध्याला उंच गाडी बघायला गेलो. चालवून पाहायला ती बसली, शेजारी विकणारा, मागं मी. पहिल्याच चौकात तिनं असा वळसा घेतला की गाडी एका अंगाला झुकली आणि विकणाऱ्यानं वरचं हँडल दोन्ही हातांनी धरलं. परत येऊन ती उतरली.

"हे तं वळनावर सगळ्यायले वाकून नमस्कार करते."

"मॅडम, आरामदायी आहे ना म्हणून."

"आराम मले घरी भेटते."

गाडी राहिली. पण माझी राहिली असं म्हणता येत नाही. आता मैदानावरच्या वहीत पहिलं नाव तिचं असतं आणि खाली माझं. मी कधी चालवू, असं मी पहिल्या रविवारी विचारलं.

"माझ्या फेऱ्या झाल्यावर मंग. टायर गरम भेटतीन तुमाले, पकड चांगली राह्यते."

हे प्रेमानं होतं की टोमणा होता, ते मी अजून ठरवलेलं नाही. टायर मात्र खरंच गरम असतात.