गुण्याला घेऊन आलो

चहा घ्या, पण घोट गिळून मग पुढचं ऐका. हे ऐकताना आमच्या मेहुण्याला असा ठसका लागला होता की पाठीत बुक्के घालावे लागले. तेव्हापासून मी आधीच सांगून ठेवतो.

लातूर नुकतंच जिल्ह्याचं गाव झालं होतं, तेव्हाची गोष्ट. तिकडं जिल्हा झाला आणि इकडं पावसानं पाठ फिरवली. आमचं गाव किल्लारीच्या अलीकडं. रानात ढेकळांशिवाय काही दिसत नव्हतं. आप्पांनी बैल चाऱ्यासाठी पाव्हण्यांकडं धाडले आणि मला लातूरला. म्हणाले, नवा जिल्हा हाय, कचेऱ्यांवर कचेऱ्या निघून राहिल्यात, सगळ्यांना टेबल-खुर्च्या लागणार. तू सुतारकी शीक.

आप्पांच्या ओळखीचे नारायण मिस्त्री गंजगोलाईच्या बाजारामागं दुकान चालवायचे. सगळे त्यांना मामा म्हणायचे, मीही म्हणायला लागलो.

आणि माझा हुरूप काय विचारता! रंधा मारला की लाकडाची कुरळी साल निघते ना, पहिल्या दिवशीची तशी एक साल मी खिशात घालून खोलीवर नेली आणि उशाशी ठेवून झोपलो. पटाशीनं खाच पाडताना अंगठा सोलला, तरी मी खूश. मामांनी तोंड उघडायचा अवकाश, मी धावत सुटायचो. पुरतं ऐकून घ्यायची सवय तेवढी नव्हती.

अशात एका नव्या कचेरीची टेबलं करायला आली. दोन दिवसांत साहेब यायचे होते. पहिलंच टेबल उभं केलं तर ते नव्या वासरासारखं डुगडुगायला लागलं. मामांनी एक डोळा मिटून चौकट पाहिली, कपाळ पुसलं आणि मला म्हणाले, "घरी जा अन् गुण्या घेऊन ये. त्याच्याशिवाय हे काम सरळ व्हायचं न्हाई."

आता तुम्हाला ठाऊक असेल, काटकोन बरोबर आहे का बघायचं सुताराचं हत्यार म्हणजे गुण्या. मामांनी आदल्या दिवशी दाराची चौकट बसवायला तो घरी नेला होता. पण मला कुठं ठाऊक? शाळेत आम्हाला काटकोन शिकवला, गुण्या कुणी शिकवलाच नाही! मी समजलो, गुण्या नावाचा कुणी दांडगा कारागीर असणार.

मामांच्या घरी मामी तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी दारातूनच सांगितलं, "मामी, मामांनी गुण्याला आणायला सांगितलंय."

बघा, नुसता एक 'ला' जास्त लागला. तेवढ्यानं सगळा घोळ झाला.

मामींचा हात सुपातच राहिला. त्यांनी विचारलं, "ते स्वतः म्हणले?"

"हाव. म्हणले, त्याच्याशिवाय काम सरळ व्हायचं न्हाई."

मामींनी पदर डोळ्याला लावला. मग मला कळलं ते असं. गुण्या म्हणजे मामांचे धाकटे भाऊ, गुणवंत. ते पण सुतारच. दोघं एकाच दुकानात बसायचे. एकदा गिऱ्हाइकांसमोर मामा बोलून गेले की तू जोडलेल्या सांध्यात बोट जातं. झालं, धाकट्यानं हत्यारांची पिशवी उचलली आणि मुखेड गाठलं, सासुरवाडीला. तेव्हापासून दोघांत बोलणं नाही. सणाला नाही, लग्नाला नाही. मामींनी दोघांनाही सांगून पाहिलं, पण कोण ऐकतो?

मामींनी मला एसटीचं भाडं दिलं, मुखेडचा पत्ता सांगितला. म्हणाल्या, वेळ घालवू नको, त्यांचा इरादा बदलायच्या आत घेऊन ये.

एका टेबलासाठी मुखेडला जायचं म्हणजे लांबच पडतं, असं माझ्याही मनात आलं. पण कारागीरच तेवढा मोठा, तर काय करता?

मुखेडला गुणवंतराव दारात नुसते बसून होते. लोकच बैल विकून राहिले होते, तिथं बैलगाडीचं काम कोण देणार? मी निरोप सांगितला. त्यांना खरं वाटेना. त्यांनी तो पुन्हा म्हणायला लावला. मग मी थोडा मीठ-मसाला लावला. म्हणालो, मामांचा गळा दाटून आला होता. त्यांनी आणखी विचारलं, तेव्हा म्हणालो, जेवले पण न्हाईत. हे मात्र खरं ठरलं, कारण मामा गुण्याची वाट बघत तिकडं उपाशीच बसले होते.

गुणवंतरावांच्या बायकोनं लातूरला पाण्याची बोंब आहे म्हणून पाण्याचा डबा भरून दिला. तो मांडीवर घेऊन मी एसटीत बसलो. ते सारा रस्ता खिडकीबाहेर बघत ओठ हलवत होते. दादाला काय बोलायचं, त्याची तयारी चालली होती. आणि मी? माझी छाती फुगून एसटीच्या टपाला लागायची बाकी होती.

दिवस मावळायला आम्ही दुकानात पोचलो. मामा टेबलाशेजारी डोक्याला हात लावून बसले होते. मला बघताच उठले आणि दात आवळून म्हणाले, सकाळी गुण्या आणायला धाडलं होतं तुला.

"आणला की," मी म्हणालो आणि बाजूला सरकलो.

दारात गुणवंतराव, खांद्याला हत्यारांची पिशवी. ते पुढं आले आणि वाकून पाया पडले. म्हणाले, "दादा, तुम्ही बोलावलं, मी आलो."

मामांनी माझ्याकडं पाहिलं, भावाकडं पाहिलं. तोंड उघडलं. तेवढ्यात मागून मामी आल्या, हातात जेवणाचा डबा, चेहऱ्यावर दिवाळी. मामांनी तोंड मिटलं. भावाला एवढंच म्हणाले, "बस."

गुणवंतराव बसले. पण सुताराची नजर ती. टेबलावरून हात फिरवत म्हणाले, "दादा, हे तिरकं हाय. गुण्या कुठाय?"

मला वाटलं, प्रवासानं माणूस भांबावला. मी समजावलं, "आवं, ते तर तुम्हीच की."

गुणवंतरावांना उमगलं. त्यांनी भावाकडं पाहिलं, चेहरा पडला, आणि हात पिशवीच्या पट्ट्याकडं गेला. मामी भिंतीला टेकल्या.

मामा खालच्या आवाजात म्हणाले, "ह्या येड्याला मी लोखंडाचा आणायला सांगितला होता. ह्यानं हाडामांसाचा आणला." मग भावाकडं वळून म्हणाले, "पर मी जे म्हणलो, ते दोन्हीला लागू हाय. तू गेल्यापासून माझं काम काही सरळ होत न्हाई, गुण्या."

गुणवंतरावांनी टेबलाकडं पाहिलं. मग पट्टा सोडला आणि पटाशी काढली.

टेबलं वेळेवर गेली. पुढं काही दिवसांनी मामांनी मला चहा पाजला आणि सांगितलं की आता आम्ही दोघं झालो, तिसऱ्याला काम उरलं न्हाई. वर म्हणाले, तुझ्या हाताला कला न्हाई, पर पायाला हाय. त्याच नव्या कचेरीत शिपाई पाहिजे होता, तिथं त्यांनीच शब्द टाकला. म्हणजे दोन भाऊ मी जोडले आणि त्या सांध्यातून बाहेर पडलो तो मीच!

पण नव्या नोकरीत पुन्हा तसं होऊ द्यायचं नाही, हे मी पक्कं केलं. सगळ्या हत्यारांची नावं घोकून ठेवली. करवतीचे दात घासायची ती कानस, तिला मामा फाइल म्हणायचे, तेसुद्धा पाठ.

पहिल्याच दिवशी साहेबांनी मान वर न करता फर्मावलं, जा, फाइल घेऊन ये.

मी अदबीनं पुढं झालो आणि विचारलं, "साहेब, तिकोनी आणू का चपटी?"