बिनतळणाची शिदोरी

आमच्या आबांच्या मयताला देगलूरहून पाच बायका आल्या, तेव्हा आबा रानात हळदीला पाणी देत होते.

आबा म्हणजे माझे वडील. तब्येत ठणठणीत. त्या दिवशी सकाळीच त्यांनी तीन भाकरी खाल्ल्या होत्या. तरीही त्या बायका पदर तोंडाला लावून आल्या, यात त्यांचा काडीचाही दोष नव्हता. दोष माझा आणि माझ्या एअर फ्रायरचा होता. यंत्राला लाज वाटत नाही, त्यामुळे त्याच्या वाट्याची लाजसुद्धा मलाच वाटून घ्यावी लागली!

मी लातूरला एका कनिष्ठ महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवते. भोकरजवळच्या आमच्या खेड्यात, आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. वसतिगृहात होते तेव्हा माय दर पंधरा दिवसांनी एसटीच्या कंडक्टरच्या हाती कानवल्यांचा डबा द्यायची. (करंजीला आम्ही कानवला म्हणतो.) माझी पदवी अर्धी पुस्तकांवर आणि अर्धी त्या कानवल्यांवर उभी आहे, असं मी आजही मानते. आणि त्याच मायला मी कानवले कसे करायचे ते शिकवायला निघाले!

त्याचं असं झालं. माझी धाकटी बहीण रेखा बाळंतपणाला माहेरी आली होती. बाळ पाच महिन्यांचं झालं, आता तिला सासरी देगलूरला पाठवायचं होतं. बाळाला घेऊन लेक सासरी निघाली की आमच्याकडं सोबत शिदोरी देतात. पाटीभर कानवले आणि लाडू. ती पाटी सासरी उघडते आणि गल्लीत घरोघर वाटली जाते. माहेर कसं आहे हे गल्लीला त्या पाटीवरून कळतं. रेखाच्या गल्लीत चाळीस घरं. घरटी दोन म्हणजे ऐंशी कानवले. पहिलं बाळ, पहिली शिदोरी. रेखाची मान त्या गल्लीत ताठ राहणार की नाही, हे त्या ऐंशी कानवल्यांवर होतं.

अडचण एकच होती. मायच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन पंधराच दिवस झाले होते. नांदेडच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, ‘‘धूर नको, धग नको. आणि आजी, रडायचं तर अजिबात नाही.’’ एवढं मोठं तळण आमच्याकडं परसातल्या चुलीवरच होतं. लाडू आधीच वळून झाले होते, राहिले होते कानवले. मी फोनवर सांगून टाकलं, ‘‘माय, तू चुलीजवळ जायचं नाहीस. मी येते. मशीन घेऊन येते.’’

मशीनवर माझा विश्वास का होता? तर मी लातूरला त्यात एकदा बटाट्याच्या फोडी केल्या होत्या. एकदाच. पण अशा कुरकुरीत झाल्या, की मी दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये तेलाच्या दुष्परिणामांवर वीस मिनिटं बोलले. (तास पंचेचाळीस मिनिटांचा असतो. घंटा झाली म्हणून सहकारी वाचले.)

यंत्राबरोबर एक पुस्तिका आली होती. छापलेलं काहीही मी परीक्षा असल्यासारखं वाचते. त्यात ठळक अक्षरांत लिहिलं होतं: यंत्र आधी गरम करा. पदार्थावर तेलाचा हलका हात फिरवा. एका वेळी एकच थर लावा. मध्ये एकदा उलटा. या चारही सूचना मी लाल पेनानं अधोरेखित केल्या. आणि त्यांतली एकही पाळली नाही!

माय काळा चष्मा लावून बाजेवर बसली होती. मी पीठ मळायला घेतलं.

‘‘मोहन घातलं का गं सुमे?’’

‘‘माय, मोहन म्हणजे कडक तेलच की. आपण तेल वापरायचंच नाही.’’

‘‘मंग पारी खुसखुशीत कशानं व्हणार?’’

‘‘हवेनं.’’

मायनं काळा चष्मा माझ्याकडून रेखाकडं वळवला. मग रेखाला म्हणाली, ‘‘हवेनं म्हणती. मी चाळीस वरीस तेल वाया घालवून राहिले व्हते म्हन.’’

पुढचं सांगायला मला जड जातं. एका थरात फार तर पाच-सहा कानवले बसत होते. पण आमच्याकडं रिकामी जागा बघवत नाही. आमच्या जीपवाल्यानं नऊ माणसांच्या जागी सतरा बसवलेली बघत मी मोठी झाले. मी एकावर एक, कोपऱ्यात आडवे, मध्ये उभे, असे एकोणीस कानवले कोंबले आणि खण ढकलून लावला. यंत्र घूंऽऽ करायला लागलं. मी मायकडं विजयी मुद्रेनं पाहिलं. तेवढ्यात रानात लाईट आली. रानात लाईट आली की शिवारातल्या सगळ्या मोटारी एकदम सुरू होतात आणि गावातलं व्होल्टेज बसतं. घरातला बल्ब पणतीएवढा झाला. यंत्राचा आवाज दमेकऱ्यासारखा यायला लागला. (त्यातली एक मोटार आबांचीच होती. माझ्या संशोधनाची वीज माझेच वडील हळदीला पाजत होते!)

टिंग!

खण उघडला. वरचे तीन कडेनं करपलेले, मधले पांढरेफटक, आणि तळाचे एकमेकांच्या गळ्यात पडून चिकटलेले. मी त्यांना सोडवलं आणि पुन्हा आत घातलं. पुन्हा टिंग. पुन्हा आत. संध्याकाळपर्यंत ऐंशी कानवले तयार झाले. तयार म्हणजे कडक. पाटीत टाकताना खडखड वाजत होते.

मायनं एक कानवला हातात घेऊन अंगठ्यानं दाबला, नाकाशी नेला. ‘‘सुमे, हे उकडलंय बी न्हाई, भाजलंय बी न्हाई. अजून रात आडवी हाय. कढई चढव. मी लांब बसून सांगते.’’

‘‘माय, हे आरोग्याला चांगलं असतं.’’

‘‘आगं, तळणाबिगर शिदोरी धाडत नसतेत. लोकं म्हनतील...’’

‘‘लोक काय म्हणतील त्याचा विचार करायचा नसतो, माय!’’

वर्गात असतं तसं मी हे वाक्य छान टाळीच्या जागी म्हटलं. मायनं हातातला कानवला पाटीत परत टाकला. तिला काय सांगायचं होतं ते मी पूर्ण ऐकलं असतं, तर हा लेख लिहायची वेळ आली नसती. आजही मला त्या करपलेल्या कानवल्यांपेक्षा ते अर्धं तोडलेलं वाक्यच जास्त टोचतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रेखाचा दीर जीप घेऊन आला. आबा पहाटेच रानात गेले होते, पाण्याची पाळी होती. दिरानं दोनदा विचारलं, ‘‘आबा दिसत न्हाईत?’’ मी घाईत म्हणाले, ‘‘नाहीत ते.’’ (हो. अगदी याच शब्दांत.) रेखा मायच्या गळ्यात पडली, बाळ रडलं, पाटी चढली, जीप गेली.

देगलूरला काय झालं, ते मला नंतर रेखाकडून तुकड्यातुकड्यानं कळलं. रेखाच्या सासूबाईंनी हौसेनं पाटी उघडली. गल्लीतल्या सगळ्यांत जुन्या, तेलुगू वळणाच्या नरसाबाई पहिल्या मानाच्या. त्यांनी कानवला घेतला, वाजवून पाहिला, हुंगला आणि खाली ठेवला.

‘‘तळणाचा वास न्हाई. या घरात कढई चढलेली न्हाई, अम्मा.’’

बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. कारण आमच्या भागात घरात कुणी गेलं, की दिवस होईपर्यंत कढई चढत नाही. तळण बंद. रेखा बाळाला घेऊन आत गेली होती. नरसाबाईंनी मग हलक्या आवाजात सगळं उलगडून सांगितलं, ‘‘पोरीची पहिली शिदोरी, ती तर चुकवता येत न्हाई. अन् सुतकात कढई चढवता येत न्हाई. म्हनून बिचाऱ्यांनी अशी केली. लई धर्माची माणसं!’’

‘‘पन कोण गेलं असंल?’’

‘‘आबा दिसले न्हाईत,’’ दीर हळूच म्हणाला. ‘‘मी इचारलं, तर अक्का म्हनल्या, न्हाईत ते.’’

आत रेखाच्या कानावर फक्त तळणाचं आलं होतं. ती बिचारी बाहेर येऊन सांगत होती, ‘‘अहो, आमच्या अक्कानं मशिनीत केलेत!’’ पण त्यामुळं तर त्यांची खात्रीच पटली. पोर अंगावर पाजती म्हणून घरच्यांनी तिच्यापासून लपवलंय आणि मशिनीचं काहीतरी सांगितलंय! त्या दिवसापासून सगळी गल्ली रेखाशी मऊ बोलायला लागली. कुणी तिला कामाला हात लावू देईना. रेखाला वाटलं, बाळाचा पायगुण.

रात्री सासूबाईंचा मला फोन आला. ‘‘घरचं समदं ठीक हाय ना? माझ्यापासनं लपवू नका.’’

‘‘सगळं छान आहे. शिदोरी आवडली का?’’

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. मग त्या म्हणाल्या, ‘‘शिकलेली माणसं लई धीराची बाई.’’

मी फोन ठेवला आणि मायला सांगितलं, ‘‘बघ, खूश आहेत त्या!’’

तिसऱ्या दिवशी, एका लग्नाला जातो असं रेखाला सांगून, पाच बायका जीप करून आमच्या दारात उतरल्या. सासूबाई पुढं, नरसाबाई काठी टेकत मागं. ओसरीवर पाय ठेवताच त्यांनी सूर लावला. माय आतून बाहेर आली. काळा चष्मा, विस्कटलेले केस आणि डोळ्यात औषध घातल्यानं गालावर ओघळ. पुरावा पूर्ण झाला! सासूबाईंनी तिला मिठी मारली आणि हंबरडा फोडला.

मायला काय वाटणार? लेकीची सासू कळवल्याशिवाय दारात येऊन रडते, म्हणजे... ‘‘माझी रेखा! माझं लेकरू गं!’’ म्हणून ती मटकन खालीच बसली.

मी परसातून धावत आले. ‘‘कोण गेलं? सांगा की, कोण गेलं?’’

‘‘आता तूच सांग बाई, किती दाबून धरशील?’’

‘‘तुमच्याकडं कोण गेलं?’’

‘‘आमच्याकडं? आमच्याकडं कोण जातंय! तुमचे आबा गेले ना?’’

रडणं एकदम थांबलं. आणि त्या शांततेत आबा आले. विजार गुडघ्यापर्यंत वर, पाय चिखलानं भरलेले, खांद्यावर फावडं.

‘‘आरे वा, पाव्हण्या! कवा आलाव?’’

‘‘अय्यो देवुडा!’’ म्हणून नरसाबाईंनी काठी सोडून दिली. सासूबाईंनी सवयीनं पदर डोक्यावर घेतला. जावयाच्या घरचं माणूस कळवल्याशिवाय आलं, म्हणून आबाच ओशाळले. कोपऱ्यात फडक्यात बांधलेली भाकरी आणि पिठलं होतं. सुतकाच्या घरी चूल पेटत नाही म्हणून पाहुणे घेऊन येतात तसलं. आबांना त्यातलं काहीच माहीत नव्हतं. त्यांनी हातपाय धुतले, फडकं सोडलं आणि जेवायला बसले.

‘‘पिठलं झकास झालंय. कुनी केलं?’’

मग नरसाबाईंच्या पोटातून हसू निघालं आणि सगळ्या हसायला लागल्या. मायसुद्धा. मला तेवढं हसता आलं नाही, कारण चष्मा काढून ती डोळे पुसत होती आणि ऑपरेशनचा डोळा लालभडक झाला होता. धूर लागू नये म्हणून मी मशीन आणलं होतं. धुरानं जे झालं नसतं, ते मी करून दाखवलं.

दुसऱ्या दिवशी नांदेडला डॉक्टरांनी डोळा तपासला. ‘‘आजी, रडलात का?’’

माय माझ्याकडं न बघता म्हणाली, ‘‘न्हाई हो. हसले जरा.’’

डोळा वाचला, पण औषधाचे थेंब वाढले. दर चार तासांनी ते घालताना ती मला एक शब्दही बोलायची नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

थेंब संपले त्या दिवशी तिनं फर्मान काढलं. शिदोरी पुन्हा जाणार. ती चुलीपासून लांब, वाऱ्याच्या उलट्या बाजूला, पाठ करून बसली. मी कढईपुढं. आणि ती फक्त आवाजावरून सांगत होती, ‘‘तेल अजून तापलं न्हाई... आता सोड... चार बास, गर्दी नको करू... आवाज बारीक झाला, उलट... काढ.’’ माझ्या पुस्तिकेतलं लाल पेनाचं सगळं तिला पाठमोरं ऐकू येत होतं! (नंतर लातूरला मी मोहन घालून, तेलाचा हात फिरवून, यंत्र आधी तापवून, पाच-पाचच कानवले केले. बरे झाले. घरी खाण्यापुरते. शिदोरीला नाही.)

मग आम्ही दोघी एसटीनं देगलूरला गेलो. सासूबाई म्हणत होत्या, आम्ही वाटतो की. पण माय ऐकेना. पाटी माझ्या डोक्यावर, माय पुढं, रेखा बाळाला घेऊन मागं. पहिलं घर नरसाबाईंचं. मायनं त्यांच्या हातावर दोन कानवले ठेवले, माझ्याकडं बोट केलं आणि घरात एखादं दुखणं असल्यासारखा आवाज खाली आणून म्हणाली, ‘‘ही थोरली. लई शिकलेली हाय. समजून घ्या.’’

नरसाबाईंनी माझ्याकडं मायेनं पाहिलं आणि म्हणाल्या, ‘‘असू दे अम्मा. असतं एखाद्या घरात.’’

दुसरं घर. ‘‘ही थोरली. लई शिकलेली हाय. समजून घ्या.’’ तिसरं घर. चौथं. विसाव्या घरापर्यंत मायचा घसा बसला.

पुढची वीस घरं मी स्वतःच सांगितलं.